रोजच्या उपकारांची जाण

'धन्यवाद' हा शब्द मराठी घरात फारसा ऐकू येत नाही. सभा संपली की आभारप्रदर्शन होते, पत्राच्या शेवटी आपण 'आभारी आहे' असे लिहितो. पण आईने ताटात गरम भाकरी वाढली म्हणून कोणी तिचे आभार मानायला उठत नाही. आणि उठलाच, तर ती माउली चमकून विचारील, "बरं वाटत नाही का रे तुला?" परक्या माणसाला हा आपला कोरडेपणा वाटण्याचा संभव आहे. पण तसे पाहिले तर उपकाराविषयीच्या शब्दांचा आपल्या भाषेत मुळीच तुटवडा नाही. उपकार स्मरावेत, ऋण मानावे, पांग फेडावेत, उतराई व्हावे, खाल्ल्या मिठाला जागावे. वाचकहो, या शब्दांकडे जरा निरखून पाहा. यातले बहुतेक सगळे काही तरी करायला सांगणारे आहेत. नुसते तोंडाने बोलून यातला एकही पुरा होत नाही.

'कृतज्ञ' हा शब्दही असाच आहे. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. बोलीभाषेत आपण म्हणतो, 'त्याला जाण आहे हो!' ही जाण म्हणजे आधी माहिती आणि मग भावना. ज्याला माहीतच नाही, त्याला कृतज्ञता वाटणार कशी? आणि आजच्या शहरी जीवनाची खरी अडचण नेमकी इथेच आहे. आपण कृतघ्न झालो आहोत असे नव्हे. आपल्या हातात येणारी वस्तू कुठून आली, कोणाच्या हातून आली, हेच आपल्याला दिसेनासे झाले आहे. ही जाण बोथट का होते, तिला धार कशी लावावी, आणि त्या कामी खेड्यातल्या चार शांत दिवसांचा काही उपयोग होतो का, याचा थोडा विचार इथे करू.

प्रथम ती बोथट का होते ते पाहू. खोलीत उदबत्ती लावली की पहिली दोन मिनिटे तिचा वास छान येतो. दहा मिनिटांनी बाहेरचा माणूस येऊन "काय सुंदर वास सुटलाय!" म्हणतो, तेव्हा आपल्याला तिची आठवण होते. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही. ती थांबली की मात्र काही तरी चुकल्यासारखे वाटते. हा इंद्रियांचा दोष नाही, तो त्यांचा स्वभाव आहे. बदल झाला की दखल घ्यायची आणि जे कायम आहे ते बाजूला सारायचे, हे शरीराला सोयीचे असते. कारण धोका येतो तो नव्या गोष्टीच्या रूपाने. मनाचेही असेच आहे. एक दाढ दुखू लागली की तिच्यापुढे जग दिसत नाही. पण बाकीचे दात रोज बिनतक्रार घास चावतात, याचा आनंद कोणी कधी केला आहे काय?

अमेरिकेत १९७८ साली काही मानसशास्त्रज्ञांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या बावीस जणांना त्यांच्या सुखाविषयी प्रश्न विचारले, आणि तेच प्रश्न लॉटरी न लागलेल्या बावीस जणांनाही विचारले. दोघांच्या सुखात फारसे अंतर आढळले नाही. एवढेच नव्हे, तर मित्राशी गप्पा मारणे, न्याहारी करणे अशा रोजच्या लहानसहान गोष्टींतली गोडी लॉटरीवाल्यांना इतरांपेक्षा कमीच वाटत होती. हा प्रयोग लहान होता, म्हणून त्यावर फार मोठा इमला रचू नये. पण त्यातली गोष्ट आपल्या अनुभवाशी जुळते. घरात पहिला पंखा आला तेव्हा केवढा हर्ष झाला होता! आज तो फिरतो आहे हे भारनियमनात तो थांबल्यावरच कळते.

सवयीने जाण झिजते, हे आपल्या पूर्वजांना कोणत्याही प्रयोगावाचून ठाऊक होते. म्हणून त्यांनी जाण ठेवण्याचे काम माणसाच्या लहरीवर सोडले नाही. ते पंचांगात लिहून ठेवले. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर येतो, विदर्भ-मराठवाड्यात श्रावणी अमावास्येला पोळा येतो, आणि पुण्याकडच्या कित्येक गावांत तो भाद्रपदात करतात. आदल्या दिवशी खांदेमळणी. जोखड ओढून ओढून बैलाच्या मानेला जिथे घट्टे पडलेले असतात, नेमक्या त्याच जागी हळद आणि तूप चोळायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, तोंडात पुरणपोळी. आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी खांद्यावर जू नाही. बैलाला स्तोत्र नको असते. त्याला हवी असते विश्रांती, आणि दुखऱ्या खांद्यावर मायेचा हात. जिथे आपल्यासाठी कोणाला कष्ट पडले, तिथेच आपला हात पोहोचला पाहिजे, ही पोळ्याची खरी शिकवण.

असेच दिवस आणखीही आहेत. आश्विनात खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारे धुऊन-पुसून पुजतो. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, हल्ली शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि एस. टी.च्या आगारातली गाडीसुद्धा त्या दिवसांत झेंडूची माळ मिरवते. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते, आणि अनेक घरांत त्या दिवशी गाईचे दूध-तूप खात नाहीत. निदान एक दिवस तरी ते वासराचे आहे हे आठवावे म्हणून. नागपंचमीला शेत नांगरायचे नाही, काही चिरायचे नाही. सकाळी उठल्यावर जमिनीला पाय लागण्याआधी तिला हात लावून नमस्कार करणारी वडीलधारी माणसे तुमच्याही घरात असतील किंवा होऊन गेली असतील.

शेजाऱ्यांच्या बाबतीत तर ही जाण सरळ व्यवहारात उतरलेली होती. एकाची पेरणी मागे पडली की बाकीचे आपापली औते घेऊन त्याच्या शेतात उतरायचे, याला इर्जिक म्हणतात. त्या दिवशी मजुरी नाही; यजमानाने पोटभर जेवण घालायचे, आणि दुसऱ्याची पाळी आली की आपण धावून जायचे. सावड हाही तसाच प्रकार. कोकणात लावणीच्या दिवसांत तो अजून पुष्कळ ठिकाणी दिसतो. "तुमचे आभार कसे मानू?" असे तिथे कोणी विचारत नाही. आभार कसे मानायचे हे ठरलेलेच असते: परवा सकाळी त्याच्या चिखलात उभे राहून.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी खाणाऱ्या बैलाने वर्षाचे उरलेले दिवस पराणीही खाल्लेली असते. आणि माणसांच्या बाबतीत तर याहून वाईट घडले. गावकीची कामे रात्री-बेरात्री ज्यांच्याकडून करून घ्यायची, त्यांच्या पदरात शिळी भाकरी टाकून वर त्यांनीच उपकार मानावेत अशी अपेक्षा ठेवायची, हेही याच गावगाड्यात शतकानुशतके चालले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या जखडणुकीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली. यातून एक गोष्ट स्वच्छ समजून घेतली पाहिजे. कृतज्ञता ही ज्याला मिळाले आहे त्याने आपण होऊन बाळगायची असते. ती दुसऱ्याकडे मागता येत नाही, आणि ज्याचा हक्क बुडाला आहे त्याला तर 'मिळते आहे त्यात समाधान मान' असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याला कृतज्ञता म्हणत नाहीत, लाचारी म्हणतात. 'समाधानी राहा' हा उपदेश आपण नेहमी स्वतःला करावा, मोलकरणीला करू नये.

आता अलीकडच्या अभ्यासकांनी काय पाहिले ते थोडक्यात सांगतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली आपले काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाने आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटली अशा पाचपर्यंत गोष्टी लिहून काढायच्या. दुसऱ्याने त्रास झालेल्या गोष्टी लिहायच्या. तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. पहिल्या गटातल्या मुलांना आपले जीवन एकंदरीत बरे वाटू लागले, आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांच्या शरीराच्या तक्रारीही कमी होत्या. नंतरच्या पुष्कळ प्रयोगांत हा परिणाम दिसला आहे. पण तो बेताचाच असतो, हेही त्याच अभ्यासांनी सांगितले आहे. औषध खरे आहे, रामबाण मात्र नाही.

या अभ्यासांतून हाती लागलेल्या दोन व्यावहारिक गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली अशी, की अशी यादी आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना तिचा अधिक लाभ झाल्याचे आढळले. म्हणजे कृतज्ञतेचीसुद्धा सवय झाली की तीही बोथट होते! पोळा रोज नसतो, वर्षातून एकदाच असतो, यात शहाणपण आहे ते असे. दुसरी गोष्ट २००८ च्या एका अभ्यासातली. आपल्या आयुष्यातली चांगली गोष्ट कशी घडली हे नुसते आठवण्यापेक्षा, ती घडलीच नसती तर काय झाले असते याची कल्पना करणाऱ्यांना अधिक बरे वाटले. आपल्या आज्या वेगळे काय म्हणत होत्या? "तू त्या दिवशी देवासारखा धावून आलास, नाही तर माझं काय झालं असतं रे!" या एका वाक्यात हा सगळा प्रयोग आहे. 'नाही तर' हे दोन शब्द म्हणजे बोथट जाणिवेची सहाण आहे.

आता खेड्यातल्या चार दिवसांकडे वळू. शहरातला माणूस दमला की त्याला गाव आठवते. ज्यांचे स्वतःचे गाव उरले नाही, तेही हल्ली कोणाच्या तरी शेतावर, मळ्यात, वाडीत जाऊन राहतात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरणही आखले, आणि शेतकऱ्याने आपल्याच घरी पाहुणे उतरवावेत याला उत्तेजन दिले. सातारा जिल्ह्यातले पाचगणीजवळचे भिलार घ्या. हे स्ट्रॉबेरीचे गाव. मे २०१७ मध्ये ते 'पुस्तकांचे गाव' झाले. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवली गेली. कोणाच्या घरात कादंबऱ्या, कोणाच्या घरात कविता, कुठे संतसाहित्य, कुठे मुलांची पुस्तके. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचलेली. पण तिथे पुस्तके दुकानांत विकायला असतात, आणि भिलारमध्ये ती घराच्या पडवीत, ओसरीवर वाचायला असतात. परक्या माणसाने यावे, ओसरीवर बसावे, हवे ते पुस्तक काढून वाचावे, आणि घरातल्यांनी आपली कामे चालू ठेवावीत. माणसाने माणसावर टाकलेला हा विश्वास पाहण्यासाठी तरी तिथे एकदा जावे.

अशा शांत ठिकाणी बरे का वाटते, याचीही काही कारणे सांगता येतात. रॉजर उलरिख या संशोधकाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ या काळातली कागदपत्रे तपासून १९८४ साली एक निबंध लिहिला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी तेवीस जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि तेवीस जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांना वेदनाशामक तीव्र औषधे कमी लागली, आणि ते सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असे दिसले, की आठवड्यातून निदान दोन तास झाडा-पाण्याच्या सान्निध्यात घालवणारे लोक आपली प्रकृती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात; मग ते दोन तास एका दिवशी असोत की थोडे थोडे. अर्थात, ज्यांची प्रकृती मुळात चांगली तेच अधिक हिंडत असतील, ही शंकाही तिथे घ्यायला जागा आहे.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरे कारण याहून साधे आहे. खेड्यात वस्तू आणि तिचे मूळ यांच्यातले अंतर फार थोडे असते. शहरात पाणी नळातून येते, उजेड बटणातून येतो आणि दूध पिशवीतून येते. खेड्यात पहाटे गोठ्यातून चरवीवर पडणाऱ्या धारांचा आवाज आधी येतो आणि त्यानंतर चहा येतो. चुलीवरची भाकरी टम्म फुगते तेव्हा ती थापणारा हात समोर दिसतो, निखाऱ्याच्या झळीने लाल झालेला चेहराही दिसतो. विहिरीवर एक कळशी शेंदून पाहा. दुसऱ्या कळशीला तुम्ही पाणी जपून वापरू लागाल, कोणी उपदेश करायची गरज पडणार नाही. रात्री दिवा गेला तर अंगणात येऊन उभे राहा. शहरात वर्षानुवर्षे न पाहिलेल्या चांदण्या तुमच्यासाठी काही नव्याने उगवलेल्या नसतात.

दुसरे असे, की तिथे सवय मोडते. घड्याळ वेगळे, अंथरूण वेगळे, आवाज वेगळे. कोंबडा आरवतो, दूर कुठे पाण्याचा पंप ठक् ठक् करतो, दुपारी वाऱ्याने पत्रा वाजतो. मन पुन्हा दखल घेऊ लागते. मात्र यात एक धोका आहे. रजेचा ताजेपणा टिकत नाही. नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी रजेवरून परतलेल्या माणसांची पाहणी केली, तेव्हा तो बरेपणा कामावर रुजू झाल्यापासून फार तर काही आठवड्यांत, पुष्कळदा पहिल्या आठवड्यातच, ओसरतो असे त्यांना दिसले. म्हणून विश्रांतीची शिदोरी बांधून आणायला जाऊ नका, ती वाटेतच संपते. आणायची ती नजर. घरी आल्यावर नळ सोडताना विहीर आठवली, तर चार दिवस सार्थकी लागले.

आणि खेड्यातल्या शांततेविषयीही जाण असू द्या. आपल्याला जी शांतता गोड वाटते, ती पुष्कळदा माणसे निघून गेल्यामुळे आलेली असते. सातारा जिल्ह्यातल्या जावळी-पाटणच्या डोंगराळ गावांतले तरुण पिढ्यान्पिढ्या मुंबईला गेले आणि त्यांतल्या हजारोंनी बंदरात, बाजारात पाठीवर ओझी वाहिली. याच पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना उभी केली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. तेव्हा दादरचा माणूस ज्या गावच्या निवांतपणाचे कौतुक करीत असतो, त्याच गावचा मुलगा वाशीच्या बाजारात त्याच्यासाठी कांद्याचे पोते उतरवीत असतो. या दोघांची गाठ कधी पडत नाही. ती आपल्या मनात तरी पडली पाहिजे.

गाठ अशी मनात पाडायची कशी? त्यासाठी गावाला जायलाच हवे असे नाही. सकाळचा चहाचा कप पुढ्यात आला की त्याचे मूळ शोधा. पत्ती आसामच्या मळ्यात बायकांनी खुडलेली. साखर कोणत्या तरी कारखान्यातली. आणि त्या कारखान्याचा ऊस तोडायला बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाडे निघालेली. उचल घेऊन, पोरेबाळे गाडीत घालून. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांचे मिळून नाव झाले कोयता! हे कळल्यावर कपाच्या तळाशी राहिलेली साखर ओतून देताना हात थोडा अडखळेल. तो अडखळला तर बरेच झाले.

पाण्याचे तसेच. मुंबईला तानसाचे पाणी १८९२ सालापासून येते आहे. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाला, भातसा झाले. रोज कोट्यवधी लिटर पाणी मोठमोठ्या नळांतून आणि बोगद्यांतून शहराकडे धावते. तानसा आणि भातसा ही धरणे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात, ही बातमी वर्षानुवर्षे वाचण्यात येत आली आहे. मुंबईकराने नळाला हात जोडावेत असे माझे म्हणणे नाही. पण त्याने नळ नीट बंद करावा, गळती दुरुस्त करावी, आणि शहापूरच्या पाड्यांना पाणी देण्याचा प्रश्न जेव्हा चर्चेला येईल, तेव्हा 'त्याच्याशी आपला काय संबंध?' असे तरी म्हणू नये. संबंध आहे. तो रोज सकाळी त्याच्या बादलीत पडतो.

म्हणजे कृतज्ञता ही केवळ मनाला बरे वाटण्याची युक्ती नव्हे. बरे वाटते, हे खरे. ते तिचे फळ आहे. पण जाण आली की तिच्यामागून काही तरी करणे येतेच, नाही तर ती जाण अर्धीच. पहाटे अंधारात वर्तमानपत्र टाकून जाणाऱ्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक नसते; ते विचारून घ्यावे. परीक्षेच्या दिवसांत तो दोन दिवस आला नाही, तर तक्रार करू नये. जिना झाडणाऱ्या बाईंना दिवाळीला मिठाईचा पुडा द्यायचा तो द्यावाच, पण महिन्याचा पगार पहिल्या तारखेला द्यावा. तिला त्याची किंमत पुड्याहून अधिक आहे. म्हातारीला चढायला वेळ लागतो म्हणून गाडी क्षणभर थांबवून धरणारा कंडक्टर दिसला, तर उतरताना त्याला तसे सांगावे. गावाला पाहुणे म्हणून गेलात, तर ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत, घरचे जे शिजेल ते खावे, आणि ताटात टाकू नये. निघताना जेवण आवडले असे त्या घरच्या माउलीला सांगावे. तुमच्या समोर बहुधा घरधनी येतो. ती चुलीपाशीच राहिलेली असते.

घरातल्या माणसांविषयी एक शब्द. आपल्या घरात आभार मानण्याची चाल नाही, असे आरंभी म्हटले. ती चाल पाडलीच पाहिजे असेही नाही. परंतु न बोलण्याची सबब करून न पाहण्याची सवय लागत नाही ना, हे मात्र तपासावे. रोज डबा भरून मिळतो. तो किती वाजता उठून भरला जातो, हे डबा नेणाऱ्याला ठाऊक असते काय? एके दिवशी त्या वेळेला उठून पाहावे. शक्य असेल तर त्या दिवशी कणीक आपण मळावी. ती घट्ट होईल किंवा सैल होईल, घरात हशा पिकेल. पण त्या घरापुरती खांदेमळणी झाली असे समजायला हरकत नाही.

दुःखाच्या दिवसांत हे काही सुचत नाही, आणि सुचले नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नये. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, ज्याची नोकरी गेली आहे, त्याला 'देवाने काय काय दिलंय ते मोज' असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. अशा वेळी आपण त्याच्या घरी जेवणाचा डबा घेऊन जावे आणि गप्प बसावे. पुढे केव्हा तरी तो आपण होऊन म्हणेल, "त्या दिवशी तुम्ही आलात, नाही तर..." तो वाक्य पुरे करणार नाही, आपणही करायला लावू नये.

तर वाचकहो, आठवड्यातला एखादा वार ठरवा. सोमवार म्हणा, शनिवार म्हणा. रात्री जेवणे झाल्यावर, मागची आवराआवर सगळ्यांनी मिळून उरकल्यावर, घरातल्या प्रत्येकाने त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगावी: कोणी आपल्यासाठी काय केले, आणि ते केले नसते तर काय झाले असते. मुलांना हा खेळ आवडतो असे दिसेल, आणि मोठ्यांना सुरुवातीला थोडा संकोच वाटेल. ज्याचे नाव निघेल, त्याच्यासाठी येत्या आठवड्यात आपल्याला काय करता येईल, एवढे मात्र उठण्यापूर्वी ठरवून ठेवावे.